छापील किंमत आणि दुर्मिळ खेळणी

२१ नोव्हेंबर २०१४ रोजी निन्टेंडो कंपनीने अमेरिकेच्या बाजारात ‘अमिबो’ नावाची खेळणी आणली. तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची मूर्ती आणि तिच्या बैठकीत एक बारीक चिप. व्हिडिओ गेमच्या यंत्रावर ठरलेल्या जागी ती टेकवली की पडद्यावरच्या खेळात ते पात्र अवतरते किंवा खेळाडूला काही बक्षीस मिळते. किंमत होती १२ डॉलर ९९ सेंट. पहिल्या खेपेत मारिओ, लिंक, पिकाचू, डाँकी काँग अशी बारा पात्रे होती. मारिओ आणि पिकाचू दुकानांत रगड होते. मार्थ, व्हिलेजर आणि वी फिट ट्रेनर ही त्या मानाने कमी परिचयाची तीन पात्रे मात्र काही आठवड्यांत दिसेनाशी झाली आणि ईबेवर छापील किमतीच्या कितीतरी पटीने विकली जाऊ लागली. दुकान उघडताच सगळा माल उचलायचा आणि तासाभरात तोच चढ्या भावाने विकायला काढायचा, असा उद्योग करणाऱ्यांना तिकडे स्कॅल्पर म्हणतात. सिनेमाच्या तिकिटांचा ब्लॅक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माणूस वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ही टंचाई कशी झाली हे आधी पाहिले पाहिजे, कारण दोष वाटून देताना नेमका हाच भाग गाळला जातो. डिसेंबर २०१४ अखेर जगभरात सुमारे ५७ लाख अमिबो विकले गेले होते आणि मार्च २०१५ अखेर हा आकडा एक कोटी पाच लाखांवर गेला. म्हणजे एकूण माल थोडा नव्हता, लोकांना हवे असलेले पात्र त्यांच्या जवळच्या दुकानात नव्हते. कोणते पात्र किती खपेल याचा अंदाज चुकला होता. त्यातच डिसेंबरमध्ये कंपनीने सांगून टाकले की दुकानांच्या फळ्यांवर जागा मर्यादित असल्यामुळे काही पात्रे पहिली खेप संपल्यावर बहुधा पुन्हा येणार नाहीत. नंतर आलेली काही पात्रे एकेका दुकानसाखळीला बांधून दिली गेली. अमेरिकेत रोझालिना टार्गेटकडे, शल्क गेमस्टॉपकडे, लुकारिओ टॉइज आर असकडे, तर मेटा नाइट बेस्ट बायकडे गेला. जवळपास त्यातले एकच दुकान असलेल्या गावात बाकीची पात्रे मिळण्याचा संभवच नव्हता. याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरांत कामगार करारावरून वाद चालू होता. तो फेब्रुवारी २०१५ मध्ये मिटेपर्यंत जहाजांवरचा माल उतरायलाही उशीर होत राहिला.

स्कॅल्परला चोर म्हणणे सोपे आहे, पण त्याने काही चोरलेले नसते. दुकानाने सांगितलेली किंमत त्याने मोजलेली असते. पुढचा ग्राहकही आपखुशीनेच जास्त पैसे देतो. दोन्ही व्यवहार सुटे सुटे पाहिले तर निर्दोष आहेत, तरी दोन्ही मिळून काहीतरी अन्याय्य घडले असे बहुतेकांना वाटते. ही भावना फक्त हुकलेल्या ग्राहकाची चडफड आहे की तिला काही तात्त्विक आधार आहे? प्रश्न असाही मांडता येतो: छापील किंमत आणि लोक मोजायला तयार असलेली किंमत यांत जे अंतर पडते, त्यावर हक्क कोणाचा?

या विचाराची सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करावी लागते. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात तो म्हणतो की प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात. जोडा पायात घालता येतो आणि देऊन दुसरे काही घेताही येते. दोन्ही उपयोग जोड्याचेच, पण जोडा मुळात विनिमयासाठी बनवलेला नाही. अमिबोच्या बाबतीत हा भेद अक्षरशः वेष्टनातच उतरला आहे. खोक्यात मूर्तीच्या तळाशी धातूचा पातळ पत्रा असतो, त्यामुळे खोके न उघडता चिप वाचता येत नाही. खेळायचे तर खोके फोडावे लागते आणि फोडले की संग्राहकाच्या बाजारात भाव उतरतो. एक उपयोग करायचा तर दुसरा सोडावा लागतो. भाव आणि उपयोग यांची किती फारकत होऊ शकते हे त्या पहिल्याच हिवाळ्यात दिसले. कारखान्यातल्या चुकीने दोन्ही हातांना तोफ बसलेली सामस या पात्राची एक मूर्ती ईबेवर अडीच हजार डॉलरला गेली.

साऱ्या मालाचा एकट्यानेच ताबा घेण्याच्या दोन गोष्टीही ॲरिस्टॉटल सांगतो. थेल्स या तत्त्ववेत्त्याने ऑलिव्हचे पीक उदंड येणार हे ओळखून हिवाळ्यातच मायलीटस आणि किऑसमधले तेलघाणे स्वस्तात भाड्याने घेऊन ठेवले आणि हंगामात ते आपल्या भावाने दिले. दुसरा सिसिलीतला. त्याने लोखंडाच्या खाणींतला सगळा माल उचलला आणि भाव फारसा न वाढवता पन्नास टॅलेंटवर शंभर टॅलेंट कमावले. सिराक्यूजचा सत्ताधीश डायोनिसिअस याने त्याचे पैसे त्याच्याजवळ राहू दिले, पण त्याला नगरातून हाकलून दिले. हा निवाडा वाटतो त्यापेक्षा विचारी आहे. कमाई बेकायदा ठरवली नाही, पण असा माणूस नगराच्या व्यवहारात नको एवढे स्पष्ट केले. स्कॅल्परविषयीची आजची लोकभावना साधारण याच ठिकाणी उभी आहे.

ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न सर्वांत बारकाईने हाताळला तो तेराव्या शतकातल्या थॉमस ॲक्वायनसने. ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये न्याय्य किमतीची चर्चा करताना त्याने एक सूक्ष्म भेद केला आहे. वस्तू विकल्यामुळे विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल तर तेवढी भर किमतीत घालायला हरकत नाही. पण घेणाऱ्याला तिची विशेष गरज आहे एवढ्याच कारणाने किंमत वाढवता येत नाही, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही आणि जे आपले नाही ते कोणी विकू शकत नाही. वाढदिवसाला ठरावीक पात्र हवे म्हणून हटून बसलेले मूल आणि त्याच्यासाठी साठ डॉलर मोजणारी आई, असे चित्र समोर ठेवले तर या युक्तिवादाचा रोख कळतो. छापील किमतीवरचे सत्तेचाळीस डॉलर खेळण्याचे नाहीत, त्या हट्टाचे आहेत, आणि हट्टावर स्कॅल्परची मालकी नाही.

व्यापारी नफ्याला मात्र ॲक्वायनसचा विरोध नव्हता. घेतल्यापेक्षा जास्त किमतीला विकणे केव्हा योग्य, याची कारणे तो देतो. वस्तूत सुधारणा केली, ती दुसऱ्या ठिकाणी नेली, काळानुसार भाव बदलला, वाहतुकीचा धोका पत्करला, या कारणांसाठी जास्त घेणे गैर नाही. मुळात स्वतःसाठी घेतलेली आणि पुढे विकावीशी वाटलेली वस्तू, आणि विकण्याच्या हेतूनेच घेतलेली वस्तू, यांतही तो फरक करतो. या कसोट्यांवर स्कॅल्परचे पारडे अगदीच रिकामे राहत नाही. गावातल्या दुकानातली रोझालिना तो दूरच्या गावी पोचवतो, म्हणजे कंपनीने जी वाहतूक नीट केली नाही ती त्याने केली. पुढे खेप भरपूर आली तर घेतलेला माल अंगावर पडेल हा धोकाही त्याने पत्करलेला असतो. पण त्याच शहरातल्या ग्राहकाला तोच डबा तासाभराने तिप्पट भावाने विकताना यातले एकही कारण लागू पडत नाही. वस्तू सुधारली नाही, जागा बदलली नाही, मधे काळही गेला नाही. बदलले एवढेच की फळी रिकामी झाली, आणि ती त्यानेच रिकामी केली होती.

न्याय्य किंमत म्हणजे उत्पादनखर्च अधिक थोडा नफा, असे सगळ्या धर्मचिंतकांचे मत होते हा समज चुकीचा आहे. स्पेनमधल्या लुईस सारव्हिया दे ला कायेने १५४४ मध्ये व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले की न्याय्य किंमत मालाच्या, व्यापाऱ्यांच्या आणि पैशाच्या विपुलतेवर किंवा टंचाईवर ठरते, खर्चावर नाही. त्याचे मानले तर ईबेवरचा भाव हाच खरा भाव आणि १२.९९ हा आकडा केवळ कंपनीची मर्जी. मात्र या विचारवंतांना अभिप्रेत होती ती खुल्या बाजारातली सर्वसाधारण किंमत. संगनमत करून किंवा माल अडवून चढवलेला भाव तेही न्याय्य मानत नव्हते.

भारतीय परंपरेत कौटिल्याचा भर व्यक्तीच्या पापापेक्षा राज्याच्या व्यवस्थेवर आहे. ‘अर्थशास्त्रा’च्या कंटकशोधन या अधिकरणात, व्यापाऱ्यांनी मिळून माल अडवून धरला किंवा अयोग्य किमतीला विकला तर एक हजार पणांचा दंड सांगितला आहे. स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा त्यात मान्य आहे. जपानी कंपनीचे खेळणे परदेशी मालात धरले तरी तिप्पट भावाला तिथे थारा नाही. पण दंड आहे तो मिळून केलेल्या अडवणुकीला. एकेकट्याने दुकाने पालथी घालून चार-चार डबे उचलणारे, एकमेकांना न ओळखणारे शेकडो लोक या सूत्रात सहज बसत नाहीत. त्यांचे संगनमत नसते, तरी परिणाम संगनमताचाच होतो.

इथे एक मोठा आक्षेप येतो. साठेबाजीविरुद्धचे जुने नियम जवळजवळ सगळे धान्यासाठी होते. ज्यू परंपरेत तालमूदच्या बावा बात्रा या प्रकरणात साठेबाजाची निंदा आहे. पण जीवनावश्यक पदार्थ, म्हणजे द्राक्षरस, तेल आणि पीठ साठवायला मनाई करून जिरे आणि मिरी यांना सूट दिली आहे. इस्लामी धर्मशास्त्रात ‘इहतिकार’ म्हणजे भाववाढीसाठी माल दाबून ठेवणे निषिद्ध आहे, पण कोणता माल यावर मतभेद आहेत. शाफई आणि हनबली पंथांतल्या अनेकांनी बंदी अन्नापुरती मानली, तर हनफी विद्वान अबू युसूफ यांच्या मते जे दाबल्याने लोकांचे नुकसान होते ते सगळेच तिच्यात येते. तालमूदच्या हिशेबाने अमिबो हे जिरे-मिरीच. ते न मिळाल्याने कोणी उपाशी राहत नाही. म्हणून स्कॅल्परला दुष्काळातल्या धान्यसाठेबाजाच्या पंक्तीला बसवणे अतिशयोक्ती ठरेल. राग खरा असला तरी गुन्हा त्या जातीचा नाही.

मग राग कशाचा? आधुनिक अर्थशास्त्रातले सरळ उत्तर असे की रागाला आधारच नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये धान्यव्यापाऱ्यांविषयीच्या लोकांच्या भीतीची तुलना चेटकिणींच्या भीतीशी केली होती. इंग्लंडमधले घाऊक साठेबाजीविरुद्धचे जुने कायदे त्याआधी चारच वर्षे, १७७२ मध्ये, रद्द झाले होते. १९७६ मध्ये वॉल्टर ब्लॉक या अमेरिकी लेखकाने, ज्यांचे समर्थन कोणी करत नाही अशा व्यवसायांवर पुस्तक लिहिले. त्यात तिकिटांचा ब्लॅक करणाराही आहे. सांगितलेली किंमत फार कमी असली की वाटप कोणत्या तरी दुसऱ्या रीतीने होणारच, आणि रांगेत वेळ घालवणे परवडत नसलेल्या माणसाला ब्लॅकवाला उपयोगी पडतो, असा त्याचा सूर आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. दिवसभर काम करणाऱ्या बापाला सकाळी दुकानापुढे उभे राहता येत नाही. त्याच्यासाठी रांग न्याय्य आणि जास्त पैसे अन्याय्य असे उघड नाही.

लोकांची न्यायबुद्धी मात्र वेगळे सांगते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९८६ मधला निबंध याबाबत प्रसिद्ध आहे. हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने बर्फ उपसायच्या फावड्याची किंमत १५ वरून २० डॉलर केली तर ते कसे, या प्रश्नावर ८२ टक्के लोकांनी ‘अन्याय्य’ असे उत्तर दिले. त्याच निबंधात खेळण्याचाही प्रश्न आहे. नाताळच्या आठवडाभर आधी, महिनाभर संपलेली कॅबेज पॅच जातीची एकच बाहुली दुकानाच्या कोठारात सापडते आणि दुकानदार तिचा लिलाव पुकारतो. बहुसंख्यांना हेही अन्याय्य वाटले. लिलावाचे पैसे मुलांसाठीच्या संस्थेला जातील असे सांगितल्यावर मात्र बहुतेकांचा आक्षेप उरला नाही. इथेच लोकांच्या भावनेचा गाभा सापडतो. लोकांना जास्त किंमत खुपत नाही, तर टंचाईतून अचानक निर्माण झालेले ते अंतर कोणीतरी खिशात घालतो हे खुपते. ते अंतर कोणाच्याच कष्टाचे नसल्याने ते निदान सार्वजनिक कामाला तरी जावे, असा हा हिशेब दिसतो.

मायकेल सँडेल या तत्त्ववेत्त्याने २०१२ च्या आपल्या पुस्तकात रांग आणि पैसा या वाटपाच्या दोन रीतींचा विचार केला आहे. योसेमिटी उद्यानातल्या स्वस्त तंबूजागांची फेरविक्री किंवा पोपच्या प्रार्थनासभेच्या फुकट तिकिटांचा बाजार ही त्याची उदाहरणे. त्याच्या मते काही गोष्टी विकायला काढल्या की त्यांचे मूल्यच बिघडते. अमिबो मुळात विक्रीचीच वस्तू असल्याने हा युक्तिवाद तिला पुरता लागू होत नाही. तिथे दोष अधिक साधा आहे. दुकान एक किंमत जाहीर करते आणि आधी येईल त्याला देते, म्हणजे ते एक वचन देते: पैशाने कोणी पुढे घुसणार नाही. ग्राहक त्या भरवशावर पहाटे येऊन थांबतो. स्कॅल्पर याच वचनाचा आधार घेऊन स्वस्तात घेतो आणि दाराबाहेर पडताच ते मोडून पैशाचा नियम लावतो. एका नियमाखाली घेणे आणि दुसऱ्या नियमाखाली विकणे ही त्याच्या कृत्यातली खोट आहे. साठा येताच सूचना देणारे आणि आपोआप खरेदी उरकणारे संगणक प्रोग्राम वापरले की रांगेचा देखावा तेवढा उरतो.

पण ते वचन दिलेले असते दुकानाने आणि कंपनीने, आणि पाळायची जबाबदारी आधी त्यांची. काही पात्रे पुन्हा येणार नाहीत ही घोषणा भाव भडकवायला पुरेशी होती. एकेका पात्राचा हक्क एकेका साखळीला दिल्याने त्या दुकानांत गर्दी झाली आणि गर्दीची बातमी हीच जाहिरात ठरली. टंचाई मुद्दाम केली असे म्हणायला पुरावा लागतो आणि तो आरोप इथे करायची गरजही नाही. ज्या टंचाईचा फायदा होतो ती दूर करण्याची घाई नसणे एवढाही दोष पुरेसा आहे. २०१५ मध्ये मार्थसह बरीच पात्रे पुन्हा बाजारात आली आणि त्यांचे फेरविक्रीचे भाव उतरले. कोणताही उपदेश किंवा कायदा न करता ही एकच गोष्ट सर्वांत परिणामकारक ठरली, यावरून जबाबदारी कुणाच्या हाती होती ते कळते.

दोषाचा तिसरा वाटेकरी संग्राहक. जैन तत्त्वज्ञान इथे उपयोगी पडते, कारण ते चोरी आणि संग्रह यांत गल्लत करत नाही. तत्त्वार्थसूत्रात अस्तेय व्रताचे जे पाच दोष सांगितले आहेत त्यांत चोरीचा माल घेणे, खोटी मापे, भेसळ हे आहे. नफ्याने फेरविक्री नाही. संग्रहाची चर्चा अपरिग्रहाखाली येते, आणि तिथे परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने न करता त्यांच्याविषयीच्या मूर्च्छेने, म्हणजे बेभान आसक्तीने केली आहे. संच पुरा झाल्याशिवाय चैन न पडणारा, सगळी पात्रे न उघडलेल्या खोक्यांत ओळीने मांडणारा संग्राहक हेच स्कॅल्परचे खरे गिऱ्हाईक आहे. खेळणाऱ्या मुलाला एखाद-दुसरे आवडते पात्र पुरते. जैन गृहस्थ परिग्रहाची मर्यादा आधीच, स्वतः ठरवून घेतो. ‘एका ग्राहकाला एकच’ ही दुकानातली पाटी तीच मर्यादा बाहेरून लादते, म्हणून ती चुकवण्यासाठी लोक घरातल्या चौघांना रांगेत उभे करतात.

कायद्याने हा प्रश्न मोजक्याच ठिकाणी हाताळला आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१६ च्या कायद्याने तिकिटे उचलणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामांना बंदी केली. खेळण्यांपर्यंत ती वाढवणारे विधेयक २०१९ आणि २०२१ मध्ये येऊनही मंजूर झाले नाही. जपानमध्ये जून २०१९ पासून कार्यक्रमांच्या तिकिटांची छापील किमतीपेक्षा जास्त भावाने धंदेवाईक फेरविक्री गुन्हा ठरली. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात तिथे मास्कच्या नफेखोर फेरविक्रीवर बंदी आली, आणि टंचाई सरल्यावर त्याच वर्षी उठवण्यात आली. खेळण्यांना असे संरक्षण मिळाले नाही. तिकिटे वगळली तर धान्य आणि मिरी यांतली जुनी रेषा आधुनिक सरकारांनीही साधारण तिथेच ओढली आहे.

उरतो वाटपाचा प्रश्न. रांग वेळवाल्याला फळते, लिलाव पैसेवाल्याला. चिठ्ठ्या टाकणे हा तिसरा मार्ग. वाटणीबाबत एकमत होत नसेल तर चिठ्ठ्या टाकायला ॲक्वायनसचीही फारशी हरकत नव्हती. २०२५ मध्ये स्विच २ हे यंत्र आणताना निन्टेंडोने जपानमधल्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात सोडत ठेवली, पण तिला अट घातली. फेब्रुवारी अखेरपर्यंत जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेले असावे आणि कंपनीच्या सशुल्क ऑनलाइन सेवेचे एकूण वर्षभराचे सभासदत्व असावे. तरीही अर्ज करणारे सुमारे २२ लाख निघाले. ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात ॲरिस्टॉटल विचारतो की उत्तम बासऱ्या कोणाला द्याव्यात, आणि उत्तर देतो, जे उत्तम वाजवतात त्यांना, कुळाला किंवा रूपाला नाही. पन्नास तासांची अट याच जातीची आहे. तिने स्कॅल्परला बऱ्याच प्रमाणात बाहेर ठेवले, पण पहिल्यांदाच यंत्र घेऊ पाहणारे मूलही त्याच्याबरोबर बाहेर राहिले, आणि वर्षभराची वर्गणी भरणे ही कौशल्याची खूण मानणे कठीण आहे. जपानमधल्या इतर मोठ्या दुकानांनी आपापल्या सोडती काढल्या आणि त्यांत आपले सभासदत्व, आपले कार्ड किंवा आपल्याकडची मागची खरेदी अशा अटी ठेवल्या. तिथे पात्रता खेळण्यावरून ठरत नव्हती, दुकानाशी असलेल्या जुन्या व्यवहारावरून ठरत होती.